डाव्या हाताला काय दिसतंय?

माझी भावजय रेडिओवर बोलते आणि मी काचेच्या अलीकडे बसून तिचा आवाज सांभाळते. घरी याच्या उलट असतं. घरी ती मला सांभाळते, कारण माझ्या नाकावर राग असतो आणि तिच्या नाकावर फक्त चष्मा. नोकरीला आम्ही बरोबरच लागलो. माझ्या भावाशी तिचं लग्न त्यानंतर झालं आणि ते जुळवण्यात माझाच हात होता, हे मी तिला अधूनमधून ऐकवत असते. लग्नानंतर ती पहिल्यांदा माईकसमोर बसली तेव्हा तिने श्रोत्यांना सांगून टाकलं, की काचेपलीकडची बाई आता माझी नणंद झालीय, तेव्हा आवाजात काही कमीजास्त झालं तर ते घरगुती भांडण समजावं. त्या दिवसापासून ती सगळ्या शहराची वहिनी झाली. म्हातारेकोतारे तिला वहिनी म्हणतात, त्यांची नातवंडं वहिनी म्हणतात आणि आमच्या स्टेशनचे साहेबही वहिनीच म्हणतात. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलंय.

तिचा कार्यक्रम दुपारचा. गाणी असतात, पण लोक गाण्यांसाठी लावत नाहीत. कुठला रस्ता बंद आहे, पाणी कधी येणार, कुणाचं कुत्रं हरवलंय, कुठल्या दवाखान्यात रक्त हवंय, हे वहिनी सांगते, आणि वहिनीने सांगितलं म्हणजे ते तसंच असतं. यामागे तिचा एक हट्ट आहे. कोणतीही बातमी दोन माणसांनी सांगितल्याशिवाय ती तोंडातून काढत नाही. दोघांनीही ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे, दोघं एकमेकांना ओळखत नसावेत आणि जमलं तर दोन बाजूंना उभे असावेत. मेव्हण्याने सांगितलं, शेजारणीने ऐकलं, असलं तिच्याकडे चालत नाही. नवरा-बायको मिळून एकच माणूस, भाऊ-बहीण मिळूनही एकच.

आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला ती एक प्रश्न विचारते. तुम्ही आत्ता उभे आहात तिथून डाव्या हाताला काय दिसतंय? जो खरोखर तिथे असतो तो क्षणभर गप्प होतो. मान वळवतो, आणि मान वळली की तोंड फोनपासून बाजूला जातं आणि आवाज जरासा पातळ होतो. मला ते हेडफोनमध्ये लख्ख कळतं. जो तिथे नसतो तो गप्प होतच नाही. तो आपली मूळ गोष्टच आणखी जोरात सांगत सुटतो. मग मी काचेतून नकाराची मान हलवते आणि वहिनी त्याचे आभार मानून फोन ठेवते. माझे कान असे तिखट, म्हणून दादा, म्हणजे माझा भाऊ, मला कानसेन म्हणतो.

दादा शहर बसवर ड्रायव्हर आहे. दुपारच्या फेरीला त्याची बस आमच्या स्टेशनखालून जाते आणि तिथे तो हॉर्न वाजवतो. दोन आखूड, एक लांब आणि शेपटीला एक अगदी चिमुकला. बायकोसाठी. आता हाताला तीच सवय लागलीय, कुठेही हॉर्न मारला तरी तसाच वाजतो. बायको मात्र त्या वेळी स्टुडिओत असते, जिथे बाहेर तोफ उडाली तरी पत्ता लागत नाही. मी एखादं लांबलचक गाणं लागलं की चहा घ्यायला बाहेर पॅसेजमध्ये जाते, म्हणून मला तो ऐकू येतो. वहिनी कार्यक्रम संपेपर्यंत खुर्ची सोडत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी दादा बसकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे तिने तो कधीच ऐकलेला नव्हता. घरी दादा म्हणायचा, रोज वाजवतो. मी म्हणायचे, खरंच वाजवतो. वहिनी भाजी निवडता निवडता मान वरही न करता म्हणायची, "भाऊ-बहीण मिळून एकच माणूस."

असं आमचं छान चाललं होतं, आणि मग फोनमधलं जग आमच्या अंगावर आलं. एके दिवशी साहेब स्टँडसकट कॅमेरा घेऊन आले. म्हणाले, कार्यक्रम चालू असताना तो स्टेशनच्या पेजवर लाइव्ह दिसेल, लोक खाली कमेंट लिहितील, वहिनी त्या वाचतील. मी म्हटलं, रेडिओ बघायचा असेल तर लोकांनी घरातला रेडिओ टेबलावर ठेवावा आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसावं. साहेब स्वभावाने चांगले आहेत, हसले. कॅमेरा मात्र परत गेला नाही.

वहिनीचा पहिला लाइव्ह म्हणजे शुद्ध फजिती होती. "माझ्यासमोर एक निळा कप आहे बरं का, त्याचा कान तुटलाय," असं तिने सुरुवातीलाच सांगितलं. रेडिओच्या माणसाची ही खोडच असते. ऐकणाऱ्याला दिसत नाही म्हणून आपल्याला दिसेल ते सांगत जायचं. लोकांनी खाली लिहिलं, दिसतोय वहिनी, कप दिसतोय. त्यात तिला बोलताना काचेतून माझ्याकडे बघायची सवय, आणि कॅमेरा बाजूला उभा केलेला. सबंध कार्यक्रमभर शहराला तिचा फक्त डावा कान दिसला. कोणीतरी त्या कानाचा व्हिडिओ कापून फिरवला. दुसरा कान कधी दाखवणार, म्हणून लोकांनी विचारलं. माझं डोकं असं तडकलं, की मी एकेकाला उत्तरं द्यायला बसले, शेवटी दादाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. वहिनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळ्यात मोठे डूल घालून कामावर आली.

त्याच दिवशी तिने साहेबांना सांगितलं, कॅमेरा काचेवर लावा, बरोबर नणंदेच्या हनुवटीखाली. म्हणजे ती माझ्याकडे बघून बोलणार आणि प्रत्येकाला वाटणार, वहिनी माझ्याकडेच बघतेय. साहेबांसारख्या शिकलेल्या माणसालाही इतकी साधी गोष्ट सुचली नव्हती. वर्षानुवर्षं तिने माझा चेहरा बघून कार्यक्रम केला होता. मी कंटाळले की ती विषय बदलायची, मी हसले की लांबवायची. आता तिने सगळ्या शहराला माझ्या जागी आणून बसवलं. एवढं झाल्यावरही मी कॅमेऱ्याला नावं ठेवायची सोडली नाहीत, पण आतून मला तिचा अभिमान वाटला, हे इथे सांगून टाकते.

खरी अडचण कमेंटची होती. तिने मला एकदा जेवताना बोलून दाखवलं, की फोनवर माणूस खोटं बोलला तर तुझ्या कानाला कळतं, पण इथे नुसती अक्षरं असतात, त्यांना आवाज नाही, मान वळवणं नाही, मग मी धरू तरी काय? त्यावर तिने नवीन काही शोधलं नाही. जुनाच प्रश्न कमेंटवाल्यांना विचारायला लागली. कोणी लिहिलं, चौकात पाण्याचा पाइप फुटलाय, की वहिनी विचारायची, डाव्या हाताला काय दिसतंय? आधी लोकांनी टवाळी केली. डाव्या हाताला नवरा घोरतोय, असंही एकीने लिहिलं. मग हळूहळू गंमत अशी झाली, की लोक न विचारताच तसं लिहायला लागले. "डाव्या हाताला औषधाचं दुकान, उजव्या हाताला झाड पडलंय, वहिनी." पत्त्यासारखं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पूर्वी आमच्याकडे फोनच्या दोनच लाइन होत्या. आता शहराच्या प्रत्येक कोपऱ्यात मान वळवून बघणारं माणूस होतं, आणि ही शिस्त त्यांना एका बाईने हसत खेळत लावली होती.

साहेबांना मात्र सुख नव्हतं. "शहर आत्ता" नावाचं एक पेज होतं, कोण चालवतं ते कोणालाच ठाऊक नाही. आमची वहिनी दुसरं माणूस शोधेपर्यंत त्यांची बातमी फोटोसकट शहरभर फिरून यायची. त्यातल्या निम्म्या बातम्या दुसऱ्या दिवशी खोट्या निघायच्या, पण दुसऱ्या दिवशी बघतो कोण. साहेबांना वरून बोलणी बसायची, की तुमचं स्टेशन मागे का. ते वहिनीला म्हणायचे, जरा वेग वाढवा. वहिनी म्हणायची, साहेब, मी काय बस चालवते का.

एके दिवशी नदीला पाणी चढलेलं होतं. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचं वहिनीने दोन माणसांकडून खात्री करून कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. नंतर एक गाणं झालं, हरवलेल्या मांजराचा तपास झाला, आणि एकाएकी कमेंटचा रंग बदलला. जुना पूल पडला म्हणतात, खरं का? असं एकाने विचारलं, आणि पाठोपाठ तोच प्रश्न विचारणाऱ्यांची रांग लागली. साहेब माझ्या खोलीत शिरले ते फोन पुढे धरूनच. "शहर आत्ता"वर फोटो होता. मधोमध तुटलेला पूल आणि पाण्यात तोंड खुपसलेली बस. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जुना पूल कोसळला, बस नदीत.

जुन्या पुलावरून शहराची एकच बस जाते, आणि दुपारच्या फेरीला ती दादा चालवतो. साहेबांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि काचेपलीकडे वहिनीला माहीत होतं.

मी दादाला फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. त्यात नवल काहीच नव्हतं, कारण गाडीवर असताना त्याचा फोन आवाज बंद करून डब्याच्या पिशवीत असतो आणि पिशवी सीटखाली. डेपोचा फोन लागत नव्हता. मी दोन्ही नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिले. कोणीतरी कमेंटमध्ये टाकलेला तो फोटो वहिनीने समोरच्या पडद्यावर पाहिला होता. तिचा चेहरा रोजचाच होता. कॅमेऱ्याला फक्त चेहरा आणि खांदे दिसतात. मला काचेतून टेबलाखालचंही दिसतं. तिथे तिने हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळली होती, इतकी आवळून की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"जुन्या पुलाबद्दल तुम्ही विचारताय," ती माईकवर म्हणाली. "मला अजून माहीत नाही. मी शोधतेय. पुलाजवळ आत्ता कोणी उभं असेल तर सांगा, डाव्या हाताला काय दिसतंय." आणि मला खूण करून तिने वाद्यांची एक शांत धून लावायला सांगितली.

साहेबांनी मला सांगितलं, पूल पडल्याची चर्चा आहे असं तरी वहिनींना म्हणू दे, सगळं शहर तिकडच्या पेजवर चाललंय. मी त्यांच्याकडे वळले. "साहेब, त्या बसवर माझा भाऊ आहे."

साहेब मटकन बाजूच्या स्टुलावर बसले. मग उठून त्यांनीच माझ्यापुढचं बटण दाबलं आणि वहिनीच्या हेडफोनमध्ये सांगितलं, की तुम्ही बाहेर या, मी दुसऱ्या कोणाला बसवतो. वहिनीने समोरचा एक कागद उचलून तोंडापुढे धरला, कारण आवाज बंद असला तरी ओठ सगळ्यांना दिसत होते. "साहेब, मी आत्ता या खुर्चीवरून उठले ना, तर लोक समजतील की झालं."

ते खरं होतं. नुसता रेडिओ असता तर ती उठली असती, बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली असती, आणि आत दुसऱ्या कोणी गाणं लावलं असतं. आता सगळं शहर तिच्या तोंडाकडे बघत होतं. आवाज आवरायला ती जन्मभर शिकली होती. चेहरा आवरायचं काम तिच्यावर नव्याने आलं होतं, आणि तो चेहरा ती माझ्याकडे बघून आवरत होती. म्हणजे मला रडायची सोय नव्हती. मी दात आवळून तिच्याकडे बघत राहिले. साहेबांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि स्टुलावर बसून ते एकेक कमेंट वर सरकवत वाचायला लागले, डावा हात लिहिलेलं कोणी सापडतंय का म्हणून.

लोक चिडले होते. एका गृहस्थाने लिहिलं, मी स्वतः पाहिलं, बस बुडाली. वहिनीने विचारलं, डाव्या हाताला काय आहे? त्याने लिहिलं, लोक किंचाळतायत. तिने पुन्हा तेच विचारलं. त्याने बसचा नंबर लिहिला, जो कोणालाही ठाऊक असतो. तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर तो गायब झाला. मग एकीने लिहिलेलं वहिनीने स्वतःहून मोठ्याने वाचलं. तिथे माणसं मेली आणि तुम्ही डावा हात कसला विचारताय, तुमचं कोणी त्या बसमध्ये असतं म्हणजे कळलं असतं.

वाचून झाल्यावर तिने पडद्यावरची नजर उचलली. माझ्याकडे, म्हणजे सगळ्यांकडे, बघत राहिली. "तुमचा राग बरोबर आहे," ती म्हणाली. "ज्यांचं माणूस बाहेर आहे त्यांना थांबा म्हणणं फार अवघड असतं. तरी मी म्हणते, थांबा. पुलाकडे धावू नका. कोणाला मदत लागलीच, तर मदतीच्या गाड्यांना रस्ता मोकळा हवा." आवाज कुठेही हलला नाही. मी तो आवाज रोज समोरच्या यंत्राच्या काट्यावर मोजते, त्या दिवशीही काटा आपल्या जागी होता.

मग आमचा जुना फोन वाजला. फोन आधी स्टुडिओत ऐकायचा, खात्री पटली तरच हवेत सोडायचा, ही आमची रीत. मी धून चालू ठेवून तो वहिनीच्या हेडफोनमध्ये दिला. पुलाच्या अलीकडे टायरचं पंक्चर काढणारा माणूस बोलत होता. वहिनीने प्रश्न विचारला. तो गप्प झाला, मान वळवली, आवाज पातळ झाला. "डाव्या हाताला माझीच टपरी आहे वहिनी, तिच्यावर जुने टायर टांगलेत. मोजून सांगू का?"

मोजू नका, पुढचं सांगा, असं वहिनी म्हणाली. तो म्हणाला, ट्रक कठड्याला धडकला, कठड्याचा मोठा तुकडा नदीत पडला, ट्रक पुलावर आडवा झालाय. पूल जागच्या जागी आहे. पलीकडचं मात्र ट्रकमुळे काही दिसत नाही, बस अलीकडे आलेली नाही एवढं नक्की. तो हे सांगत असताना त्याच्या आवाजाच्या मागे, पाण्याच्या घोंघावण्याच्याही मागे, दूर कुठेतरी मला हॉर्न ऐकू आला. दोन आखूड, एक लांब आणि शेपटीला एक चिमुकला.

मी बटण दाबून वहिनीला सांगितलं, की दादा आहे, पलीकडे दादाचा हॉर्न वाजतोय, मी ऐकला, तो ठीक आहे, सांगून टाक लोकांना.

वहिनीने कागद तोंडापुढे धरला. "तू त्याची बहीण आहेस."

त्या क्षणी मला तिचा असा राग आला, की काच नसती तर काय केलं असतं सांगता येत नाही. माझा कान तिला रोज चालतो. अनोळखी माणसांचं खरंखोटं ती माझ्या मान हलवण्यावर ठरवते. आणि आज माझ्याच भावाच्या बाबतीत तो चालेना. मग माझं लक्ष टेबलाखाली गेलं. वायर तशीच आवळलेली होती, आधीपेक्षा जास्त. लोकांना सांगायचं ती नाकारत होती ते सोडा, तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. विश्वास ठेवायचा मोह तिच्याइतका त्या शहरात कोणाला झाला असेल, आणि म्हणूनच तिचा या कानावर भरवसा नव्हता. माझा राग तिथेच विरला.

तिने माईक उघडला. "अलीकडच्या काठावरचं एक माणूस मिळालंय. मला पलीकडच्या काठावरचं एक हवंय. तुमच्या ओळखीचं कोणी तिकडे असेल तर त्यांना हे दाखवा, पाठवा, आणि म्हणावं वहिनी विचारतेय." आणि लोकांनी, तेच चिडलेले लोक, तो लाइव्ह पलीकडच्या ओळखीच्या माणसांना पाठवायला सुरुवात केली. बघणाऱ्यांचा आकडा चढत गेला. साहेबांनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बोटाने कमेंट सरकवत होते, आणि सरकवता सरकवता एकदम थांबले.

"डाव्या हाताला लाकडाची वखार," त्यांनी वाचलं. "उजव्या हाताला बसची खिडकी. मी परिचारिका आहे, दवाखान्यात ड्यूटीवर निघालेय, आणि हा ड्रायव्हर आम्हाला खाली उतरू देत नाही."

साहेबांनीच तिला निरोप टाकून नंबर मागवला. मी फोन जोडला. वहिनीने प्रश्न विचारला, तिने मान वळवली, आवाज पातळ झाला, आणि त्या पातळ झालेल्या आवाजामागे वखारीची करवत लाकडातून जाताना मला स्पष्ट ऐकू आली. मी काचेतून होकाराची मान हलवली. वहिनीने विचारलं, अलीकडच्या पंक्चरवाल्याला तुम्ही ओळखता का? नाही म्हणाली. बसमधली सगळी माणसं? सगळी सीटवर, ती म्हणाली, कोणाला खरचटलंही नाही, बस पुलावर चढण्याआधीच थांबली होती.

"आणि ड्रायव्हर?" वहिनीने विचारलं. हे हवेत जात नव्हतं, माझ्याशिवाय कोणी ऐकत नव्हतं, आणि काटा पहिल्यांदा थरथरला.

"ठणठणीत आहे. सगळ्यांवर खेकसतोय आणि त्या ट्रकवाल्याला हॉर्नवर हॉर्न मारतोय."

वहिनीने माईक उघडला. "जुना पूल उभा आहे," ती म्हणाली. "ट्रक धडकून कठडा तुटलाय, त्यामुळे रस्ता बंद आहे. बस पलीकडच्या काठावर आहे आणि तिच्यातली सगळी माणसं सुखरूप आहेत. हे मला दोन माणसांनी सांगितलंय, दोन्ही काठांवरून. तुम्ही पाहिलेला फोटो कुठला आहे ते मला माहीत नाही. आपल्या पुलाचा तो नाही." मग तिने दुसऱ्या पुलावरून कसं जायचं ते सावकाश समजावून सांगितलं, दवाखान्याला कळवलं की तुमच्या परिचारिकेला यायला उशीर होईल, आणि पंक्चरवाल्याचे व वखारीजवळच्या बाईचे आभार मानले. ड्रायव्हरचं तिने नावही काढलं नाही.

खाली कमेंटचा पूर आला. डाव्या हाताला माझी आई बसलीय, आत्तापर्यंत रडत होती, आता चहा टाकायला उठलीय, असं कोणीतरी लिहिलं होतं. "शहर आत्ता"ने फोटो काढून टाकला आणि थोड्या वेळाने त्यांच्याच पेजवर आमचा लाइव्ह लावला. साहेबांनी मला ते दाखवलं, पण विजय मिळाल्यासारखं काही बोलले नाहीत. चष्मा पुसत ते बाहेर निघून गेले आणि जाताना दार हळू ओढून घेतलं.

वहिनीने गाणं मागितलं. लांबातलं लांब गाणं दे, म्हणाली. मी गाणं सोडलं आणि तिने सांगण्याआधीच मी कॅमेऱ्याच्या चित्रावर "गाणं चालू आहे" ही पाटी टाकली, कारण तिचा चेहरा किती वेळ टिकेल हे मला तिच्या आधी कळतं. पाटी पडल्याबरोबर तिने वायर सोडली. बोटांवर लाल वळ उठले होते.

"तो पंक्चरवाल्याचा फोन रेकॉर्ड झालाय ना?"

सगळेच होतात, मी म्हटलं.

"त्यातला हॉर्न लाव."

मी ती जागा शोधली. पंक्चरवाल्याचा आवाज खाली केला, पाण्याचा घोंघाट जमेल तितका कापला, आणि मागचा हॉर्न वर ओढून तिच्या हेडफोनमध्ये सोडला. दोन आखूड, एक लांब, एक चिमुकला. ती दोन्ही हात हेडफोनवर दाबून ऐकत होती. पुन्हा लाव म्हणाली. मी पुन्हा लावला. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आता मलाही रडायची परवानगी होती आणि मी ती पुरेपूर घेतली.

"रोज खाली वाजवतो तो हाच?"

"हाच."

"मला वाटायचं, तुम्ही दोघं मिळून मला बनवता," वहिनी म्हणाली. तिने चष्मा काढला, नाक पुसलं आणि दोन्ही हात पुन्हा हेडफोनवर ठेवून म्हणाली, "गाणं संपायच्या आत अजून एकदा लाव."